१६ की १? भांडण कुठे आहे आणि कुठे नाही

८ ÷ २(२ + २) चं उत्तर १६ की १, या सोशल मीडियावरच्या भांडणाकडे येण्याआधी जरा बाजारात जाऊ. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दाल बाजारात कुठल्याही दुकानाच्या गल्ल्यावर मोठ्या बटणांचा एक कॅल्क्युलेटर पडलेला असतो. त्यावर ३ × ४० + २ × ५५ असं, जसं लिहिलंय त्याच क्रमाने दाबत जा. उत्तर येईल ६७१०. आता तेच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करा. २३०.

तीन किलो चाळीस रुपयांनी आणि दोन किलो पंचावन्न रुपयांनी, असा हिशेब असेल तर गिऱ्हाईक किती पैसे देणार हे सांगायला नको. पण गल्ल्यावरचं यंत्र बिघडलेलंही नाही. पुढचं चिन्ह दाबलं की मागचं काम उरकून टाकायचं, एवढीच त्याची रीत. तीन चाळीस एकशेवीस. त्यात दोन मिळवले, एकशेबावीस. त्याला पंचावन्नने गुणलं, ६७१०. मोबाइल मात्र पूर्ण ओळ वाचतो, आधी दोन्ही गुणाकार करतो आणि मग बेरीज. दुकानदाराला आपल्या यंत्राची खोड ठाऊक असते. तो ३ × ४० करून एम प्लस दाबतो (उत्तर यंत्राच्या स्मरणात जमा), २ × ५५ करून पुन्हा एम प्लस दाबतो, आणि शेवटी एमआरसी (सगळी जमा पडद्यावर). ‘आधी गुणाकार’ हा नियम यंत्रात नाही, म्हणून तो बोटांनी पाळतो. विंडोजच्या संगणकातही हे दोन स्वभाव एकाच घरात नांदतात: तिथला कॅल्क्युलेटर साध्या रूपात ठेवला तर २ + ३ × ४ चं उत्तर २० देतो, सायंटिफिक रूपात १४.

मग आधी गुणाकार का? आधी बेरीज का नाही?

शाळेत हे कारण सहसा कुणी सांगत नाही, सूत्र तेवढं पाठ करून घेतात. मी शिकवणीला येणाऱ्या मुलांना दोन कारणं सांगते. पहिलं वरच्याच हिशेबात आहे. ४० म्हणजे रुपये आणि २ म्हणजे किलो. रुपयांत किलो मिळवले तर येतं ते ना रुपये ना किलो. किलो आणि भाव यांचा गुणाकार झाला, दोन्हीकडे रुपये आले, की मगच बेरजेला अर्थ येतो. व्यवहारातल्या बहुतेक हिशेबांचा सांगाडा असाच असतो. नगाला भाव, तासाला मजुरी, हाताला कापड, असे तुकडे आधी तयार होतात आणि शेवटी सगळे एकत्र येतात.

दुसरं कारण समजून घ्यायला आमच्या किल्ल्यावर जावं लागतं. पूर्वेच्या चढावर कातळात कोरलेलं एक छोटंसं चतुर्भुज मंदिर आहे. त्यातल्या शिलालेखाचं साल विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६. देवाला दिलेल्या बागेची मापं त्यात नोंदवली आहेत, लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात, शिवाय रोजचे ५० हार. २७० आणि ५० यांतलं शून्य आज आपण लिहितो तसंच, गोल. (पाहुण्यांना आम्ही ग्वाल्हेरकर ‘जगातलं सर्वांत जुनं शून्य’ म्हणून ते दाखवतो. कंबोडियातला इ.स. ६८३ चा शिलालेख त्याहून जुना आहे, पण ते पाहुणे परतीच्या गाडीत बसल्यावर सांगितलं तरी चालतं.)

आता तो २७० आकडा उलगडून पाहा. २ × १०² + ७ × १० + ०. आधी घात, मग गुणाकार, मग बेरीज. हीच ओळ डावीकडून येईल तशी सोडवली तर दोन दाहे वीस, विसाचा वर्ग चारशे, त्यात सात चारशेसात, दहाने गुणले ४०७०. बागेची लांबी पंधरापट! म्हणजे घात, गुणाकार, बेरीज हा क्रम कुणा मास्तरांच्या डोक्यातून निघालेला नाही. आपण संख्या ज्या पद्धतीने लिहितो, तिच्यातच तो मुरलेला आहे. पुढे बीजगणितात ३क² + २क + ५ सारख्या राशी आल्या तेव्हा हाच क्रम सोयीचा ठरला, नाहीतर प्रत्येक पदाला कंस घालत बसावं लागलं असतं.

आणि क्रम मोडायचा असेल तेव्हा कंस. त्याच बागेला कुंपण घालायचं आहे असं धरा. २ × (२७० + १८७) म्हणजे ९१४ हात. कंस विसरून २ × २७० + १८७ केलं तर ७२७. कुंपण १८७ हात कमी पडेल, म्हणजे बागेची एक अख्खी बाजू गाईगुरांना मोकळी.

इथवर कुणाचं भांडण नाही. गुणाकार बेरजेच्या आधी, घात गुणाकाराच्या आधी, कंस सगळ्यांच्या आधी, हे भारतात तसंच, जपानमध्ये तसंच, ब्राझीलमध्येही तसंच. सोशल मीडियावर दर थोड्या दिवसांनी जे पेटतं ते वेगळंच आहे, आणि ते पेटवणारी ओळ फार हुशारीने निवडलेली असते. २०११ साली ४८ ÷ २(९ + ३) ही पदावली जगभर फिरली. निम्मे लोक २८८ म्हणत होते, निम्मे २. २०१९ च्या उन्हाळ्यात ८ ÷ २(२ + २) आली. १६ की १?

आमच्या घरात ती गणपतीत आली, संध्याकाळच्या आरतीनंतर, प्रसाद वाटून होण्याच्या आत. सासूबाई माहेरच्या साताऱ्याच्या, मराठी शाळेत शिकलेल्या, ‘कंचेभागुबेव’ झोपेतही म्हणतील. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मुलगा इंजिनिअरिंगला, त्याला फक्त त्याच सूत्राचं इंग्रजी रूप, बोडमास, माहीत.

“आजी, कंस सुटला की डावीकडून जायचं. आठ भागिले दोन चार, चार चोक सोळा.”

“अरे, तो दोन कंसाला चिकटलाय. म्हणजे दोनाचे चार. ‘चे’ आधी. आठ भागिले आठ, एक.”

“पण ‘चे’ कुठे लिहिलंय त्यात?”

“मग ‘गुणिले’ तरी कुठे लिहिलंय?”

सगळ्या वादाची गाठ या शेवटच्या दोन वाक्यांत आहे. २ आणि कंस यांच्यामध्ये काहीच लिहिलेलं नाही. न लिहिलेल्या त्या चिन्हाची पायरी कोणती? साध्या गुणाकाराची, की त्याहून वरची?

नातवाची बाजू आधी. भागाकार आणि गुणाकार यांचा दर्जा समान, दोघं शेजारी आले तर डावीकडून उजवीकडे. बेरीज आणि वजाबाकी यांचंही तसंच. इथे एक गैरसमज काढायला हवा, कारण निम्मी चुकीची उत्तरं त्यातूनच येतात. बोडमासमध्ये भागाकाराचं अक्षर आधी आहे म्हणून भागाकार थोरला, असं नाही. अमेरिकेतल्या मुलांचं सूत्र पेमडास, त्यात गुणाकाराचं अक्षर आधी येतं, तरी नियम तोच. अक्षरं एका ओळीत मांडायची तर कुणीतरी पुढे येणारच. कंचेभागुबेव अक्षरशः पाळून १० − ३ + २ मध्ये आधी ‘बेरीज’ म्हणून तीन आणि दोन पाच केले, तर उत्तर ५ येतं. बरोबर उत्तर ९. दर वर्षी शिकवणीला नवी मुलं आली की पहिल्या आठवड्यात ही चूक एकदा तरी भेटतेच.

समान दर्जा, डावीकडून उजवीकडे, हे मान्य केलं तर ८ ÷ २ × ४ चं उत्तर १६, यात शंका नाही. पण गंमत अशी की प्रश्नात ८ ÷ २ × ४ लिहिलेलंच नव्हतं.

आता आजीची बाजू. तिला नुसती जुन्या वळणाची म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण तिच्या पाठीशी मोठमोठी माणसं उभी आहेत. १९१७ साली लेन्स नावाच्या गणितज्ञाने ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’ या नियतकालिकात याच विषयावर टिपण लिहिलं. त्याचं उदाहरण साधं आहे. ९अ² ÷ ३अ याचं उत्तर काय? कुणीही ३अ म्हणेल. पण डावीकडून क्रमाने जायचा नियम काटेकोर लावला तर ९अ² ला आधी ३ ने भागायचं आणि मग अ ने गुणायचं, म्हणजे ३अ³ यायला हवं. तसं कुणीच करत नाही. ‘३अ’ हे आपल्याला एकच अक्षर असल्यासारखं दिसतं, फोडावंसं वाटत नाही. १९२८ मध्ये फ्लोरियन काजोरी यांनी गणिती चिन्हांचा मोठा इतिहास लिहिला. भागाकार आणि गुणाकार एकाच पदात आले तर आधी काय, यावर अजून एकमत नाही, असं त्यांनी त्यात नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे ‘पूर्वी सगळं ठरलेलं होतं, आता मोबाइलने घोळ घातला’ या म्हणण्याला काही आधार नाही.

भौतिकशास्त्रात तर आजीचाच नियम चालतो. प्लँकचा स्थिरांक भागिले दोन पाय (२π), ही राशी एका ओळीत लिहिताना कुणी दोन पायभोवती कंस घालत नाही, आणि त्याला दोनाने भागून पायने गुण असं कुणी वाचतही नाही. ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांत तर तिरक्या रेघेच्या भागाकारापेक्षा गुणाकार आधी, असा क्रम सरळ दिलेला आहे.

यंत्रंही दोन गटांत वाटली गेली आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ वर आपल्या प्रश्नाचं उत्तर १ येतं, तर त्याच कंपनीच्या पुढच्या टीआय-८३ आणि ८४ वर १६. कॅसिओच्या एफएक्स-९९१ ईएस प्लसवर १. नंतरच्या क्लासविझ मालिकेत कॅसिओने जास्त शहाणपणा केला: बरोबरचं बटण दाबलं की यंत्र स्वतःच कंस घालून ८ ÷ (२(२ + २)) असं दाखवतं, म्हणजे निदान त्याने तुमचं काय ऐकलं हे तरी कळतं. गूगललाही हा प्रश्न टाकला तर तो आपला कंस घालून दाखवतो, फक्त दुसऱ्या जागी, आणि १६ म्हणतो.

हे कंस घालून दाखवणं मला फार आवडतं. आपण नमकीनच्या दुकानात ‘पाव किलो शेव आणि चिवडा द्या’ म्हणतो तेव्हा चांगला दुकानदार हातातला डाव थांबवून विचारतो, दोन्ही मिळून पाव की पाव-पाव? तो व्याकरणाचा नियम काढत बसत नाही. मागणीच अर्धवट आहे हे त्याला दिसतं. ८ ÷ २(२ + २) ला माझं उत्तर तेच: लिहिणाऱ्याला विचारा. आणि अक्षरं असतील, म्हणजे ८ ÷ २क असं असेल, तर मी आजीच्या बाजूने. तिथे २क छेदात आहे असंच मी वाचते आणि मुलांनाही तसंच वाचायला सांगते.

‘चे’ या प्रकाराकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण आपल्याकडच्या वादाला तिथे एक खास वळण मिळतं. बोडमासमधल्या ‘ओ’ चा अर्थ भारतात बहुतेक ठिकाणी ‘चे’ असा शिकवतात, इतरत्र पुष्कळदा ‘घात’ असा. ‘चे’ म्हणजे अपूर्णांकाचा अपूर्णांक. आपल्या गणितात तो फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त त्याला प्रभाग म्हटलं आहे आणि त्याचं उदाहरण म्हणून एक नमुनेदार कंजूस आणला आहे. भिकाऱ्याने मागितल्यावर त्या कंजुषाने दिलं काय? एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊणपटीच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा चौथा भाग. गुणाकार करत गेलं की १/१२८० येतं. एका द्रम्माचे १६ पण, एका पणाच्या ४ काकिणी, एका काकिणीच्या २० कवड्या, म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या. त्या दानशूराने दिली एक कवडी.

नुसत्या ‘च्या-च्या-चा’ च्या माळेत आधी काय आणि नंतर काय याने फरक पडत नाही, कुठूनही गुणा, कवडी एकच. माळेच्या आधी भागाकार आला की मात्र पडतो. आपल्याकडच्या स्पर्धापरीक्षांत १२ ÷ २ चे ३ अशा थाटाचं गणित हमखास असतं. तिथे ‘चे’ आधी, म्हणून १२ ÷ ६ = २. ‘चे’ च्या जागी × असता तर १८. हा नियम आपल्या पुस्तकांत स्पष्ट आहे, त्यामुळे परीक्षेत तो पाळावा, वाद घालू नये. पण कंसाला चिकटलेला आकडा म्हणजे ‘चे’ समजावा, असं त्या नियमात म्हटलेलं नाही. आजीने ती उडी स्वतः मारली. नातवाने रिकाम्या जागेत × वाचला, तीही उडीच.

खरा गुन्हेगार कुणी असेलच तर तो ÷ हे चिन्ह. १६५९ साली झ्युरिकला छापलेल्या योहान रान यांच्या बीजगणितात ते भागाकारासाठी आलं. त्याआधी आणि नंतरही युरोपात काही ठिकाणी तेच चिन्ह वजाबाकीसाठी वापरत. डेन्मार्क-नॉर्वेकडे ती सवय बरीच टिकली. आज आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८००००-२ सांगतं की भागाकारासाठी हे चिन्ह वापरूच नये. प्राथमिक शाळेनंतर ते फारसं कुणी वापरतही नाही. आठवीच्या पुढे अंश वर, छेद खाली, मध्ये आडवी रेघ, आणि ती रेघच कंसाचं काम करते. वर ८ आणि खाली २(२ + २) लिहिलं तर कोण भांडेल? सगळी पंचाईत दोन मजली राशी एका ओळीत बसवण्याची आहे. छापखान्यात जागा वाचवायला तिरकी रेघ आली, टंकलेखनात आणि मोबाइलवर तर एक ओळच मिळते, आणि आडव्या रेघेबरोबर तिच्या पोटातला कंसही गेला.

संगणकाच्या भाषांनी हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उद्धटपणे सोडवला आहे. १९५७ च्या फोरट्रानपासून गुणाकाराचं चिन्ह लिहायलाच लागतं. पायथॉनला २(२ + २) दिलं तर ते १६ही म्हणत नाही आणि १ही नाही, चूक दाखवून थांबतं. ज्युलिया नावाच्या भाषेत असं चिकटवून लिहिता येतं, पण तिथे चिकटलेला गुणाकार भागाकाराच्या वरचा, हे ठरवून दिलेलं आहे, म्हणजे आजीच्या मनासारखं. स्मॉलटॉक ही भाषा दाल बाजारातल्या कॅल्क्युलेटरसारखी नुसती डावीकडून उजवीकडे जाते; एपीएल उजवीकडून. पोलंडच्या लुकासिएविच यांनी १९२० च्या दशकात तर कंसच लागणार नाहीत अशी लिहिण्याची पद्धत काढली. तिचंच उलटं रूप एचपी कंपनीने १९७२ च्या एचपी-३५ या खिशातल्या कॅल्क्युलेटरमध्ये वापरलं. आधी आकडे, मग चिन्ह.

१६ की १ या करमणुकीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती उणे चिन्हाची, कारण तिथे कुणी भांडत नाही आणि उत्तर गुपचूप चुकतं. एजी ऑफिसमुळे (महालेखाकारांच्या कार्यालयामुळे) ग्वाल्हेरात हिशेबनीसांची कमी नाही, आणि आता सगळ्यांचा हिशेब एक्सेलमध्ये. त्यात एका घरात = −३^२ लिहा (^ हे घाताचं चिन्ह). गणिताच्या पुस्तकाप्रमाणे आधी वर्ग, मग उणे, म्हणून −९ यायला हवं. एक्सेल ९ देतं. त्याच्या लेखी सुरुवातीचं उणे हे आकड्यालाच जोडलेलं असतं, घाताच्याही आधी. आता = ०−३^२ लिहा. −९. कारण इथे तेच चिन्ह वजाबाकीचं झालं, आणि वजाबाकी सर्वांत शेवटी. त्याच एक्सेलच्या आत मॅक्रो लिहायची जी व्हीबीए भाषा आहे, तिला −३^२ विचारलं तर ती −९ म्हणते. पायथॉनही −९. घातावर घात चढवला तरी हीच तऱ्हा. २^३^२ गणितात वरून सोडवतात, म्हणजे २^९ = ५१२. एक्सेल डावीकडून जातं, ८^२ = ६४.

कॉलेजात संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलांचा यात हमखास पाय अडकतो. घंटेच्या आकाराचा वक्र काढायला ई या संख्येचा ‘उणे क्ष वर्ग’ इतका घात हवा असतो. क्षची किंमत ३ असेल तर उत्तर सुमारे ०.०००१२३. सूत्रात उणे, क्षचं घर, ^२ असं सरळ टाकलं तर एक्सेल ई चा नववा घात काढून ८१०३ दाखवतं, आणि घंटेऐवजी कडेला आभाळात गेलेली रेघ उमटते. दोन उपाय आहेत. क्षच्या घराचा वर्ग वेगळ्या कंसात घालून त्याबाहेर उणे लिहायचं, किंवा उणेच्या आधी एक शून्य टाकायचं. कंस बरा, कारण त्या शून्याचं कारण आठवड्याने तुम्हालाच आठवणार नाही आणि कुणीतरी निरुपयोगी म्हणून ते पुसून टाकेल.